फ्रान्सिस गॉल्टन

सर फ्रान्सिस गॉल्टन (१६ फेब्रुवारी, १८२२ – १७ जानेवारी, १९११) हे इंग्लंडमधील प्रवासी, भूगोलज्ञ, हवामान अभ्यासक, मानवमितीचे संशोधक आणि आधुनिक संख्याशास्त्राच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक होते. दोन राशींमधील संबंध एका सरळ रेषेने व्यक्त करणाऱ्या समाश्रयण, म्हणजेच रिग्रेशन, या पद्धतीचे नाव व तिच्यामागील मूळ कल्पना त्यांच्या संशोधनातून आली. सहसंबंध ही संकल्पनाही त्यांनीच मांडली. उत्क्रांतिवादाचे प्रणेते चार्ल्स डार्विन हे त्यांचे नातलग होते. इरॅस्मस डार्विन हे दोघांचेही आजोबा, मात्र दोघांच्या आज्या वेगळ्या होत्या. सुप्रजननशास्त्र या विचारसरणीचे जनक म्हणूनही गॉल्टन ओळखले जातात. या विचारसरणीच्या आधारे विसाव्या शतकात लक्षावधी माणसांवर अन्याय झाला. त्यामुळे गॉल्टन यांच्या कार्याचे मूल्यमापन आजही वादाचा विषय आहे.

बालपण व शिक्षण

गॉल्टन यांचा जन्म इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहराजवळ स्पार्कब्रूक येथे झाला. वडील सॅम्युएल टर्शियस गॉल्टन हे बँकेचे मालक होते. आई व्हायोलेटा ही इरॅस्मस डार्विन यांची कन्या. भावंडांत फ्रान्सिस सर्वांत धाकटे होते. थोरली बहीण ॲडेल हिने त्यांना घरीच शिकवले आणि अगदी लहान वयात ते लिहू-वाचू लागले. घरच्यांनी त्यांच्याकडून मोठ्या अपेक्षा बाळगल्या. शाळेत मात्र त्यांचे मन रमले नाही.

वडिलांच्या इच्छेनुसार त्यांनी १८३८ मध्ये बर्मिंगहॅमच्या रुग्णालयात वैद्यकीय शिक्षणास प्रारंभ केला आणि पुढील वर्षी लंडनच्या किंग्ज कॉलेजात प्रवेश घेतला. १८४० मध्ये हे शिक्षण मध्येच थांबवून ते केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात गणित शिकण्यासाठी गेले. तेथे परीक्षेच्या ताणामुळे त्यांची प्रकृती ढासळली. विशेष प्रावीण्याची परीक्षा त्यांना देता आली नाही आणि १८४४ मध्ये ते साधी पदवी घेऊन बाहेर पडले. त्याच वर्षी वडिलांचे निधन झाले. वारशाने मिळालेल्या संपत्तीमुळे त्यांना आयुष्यभर कधी नोकरी करावी लागली नाही. त्यांचे पुढील सर्व संशोधन कोणत्याही विद्यापीठीय पदाशिवाय झाले.

प्रवास व मोजमापाची ओढ

१८४५-४६ मध्ये गॉल्टन यांनी इजिप्त, सुदान व सीरिया या देशांत भ्रमंती केली. १८५० मध्ये ते नैर्ऋत्य आफ्रिकेच्या, म्हणजे आजच्या नामिबियाच्या, मोहिमेवर निघाले. या मोहिमेत स्वीडिश निसर्ग अभ्यासक कार्ल योहान अँडरसन त्यांच्यासोबत होते. अक्षांश-रेखांशांच्या काटेकोर नोंदी घेत त्यांनी युरोपीयांना अपरिचित असलेल्या प्रदेशाचा नकाशा तयार केला. या कामगिरीबद्दल रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिले. १८५३ मध्ये त्यांचे प्रवासवर्णन प्रकाशित झाले आणि त्याच वर्षी लुईसा बटलर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. या दांपत्याला अपत्य झाले नाही.

मोजता येईल ते सर्व मोजावे, ही त्यांची वृत्ती या मोहिमेतच दिसून येते. एका आफ्रिकी स्त्रीच्या शरीराची मापे त्यांनी दूर उभे राहून सेक्स्टंट या कोनमापक उपकरणाने आणि त्रिकोणमितीच्या साहाय्याने घेतली. त्या स्त्रीला याची कल्पना देण्यात आली नव्हती. त्यांची चिकाटी आणि मोजल्या जाणाऱ्या माणसाकडे पाहण्याची अलिप्त दृष्टी या एकाच प्रसंगात दिसते.

पुढे ते हवामानाकडे वळले. युरोपभरच्या वेधशाळांकडून आलेल्या नोंदी नकाशावर मांडताना जास्त दाबाच्या केंद्राभोवती वारे विशिष्ट दिशेने फिरतात, हे त्यांच्या ध्यानात आले आणि त्यांनी या रचनेला प्रत्यावर्त या अर्थाचे नाव दिले. लंडनच्या द टाइम्स या वृत्तपत्राने १ एप्रिल, १८७५ रोजी छापलेला हवामानाचा नकाशा त्यांनीच तयार केला होता.

आनुवंशिकतेचा शोध

डार्विन यांचा उत्क्रांतिविषयक ग्रंथ १८५९ मध्ये प्रसिद्ध झाला. आई-वडिलांचे गुण संततीत किती प्रमाणात उतरतात, हा प्रश्न त्यानंतर गॉल्टन यांच्या विचारांच्या केंद्रस्थानी आला. १८६९ मध्ये त्यांचा हेरेडिटरी जीनियस हा ग्रंथ प्रकाशित झाला. त्यात इंग्लंडमधील न्यायाधीश, मुत्सद्दी, शास्त्रज्ञ व साहित्यिक यांच्या कुळांची पाहणी करून बुद्धिमत्ता ही प्रामुख्याने वारशाने मिळते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. प्रतिष्ठित घरातील मुलांना मिळणारे शिक्षण, पैसा आणि ओळखी यांचा परिणाम त्यांनी फारच कमी धरला होता. याच ग्रंथात त्यांनी मानववंशांची उतरंड लावून आफ्रिकी लोकांना खालचे स्थान दिले. या मांडणीला शास्त्रीय आधार नव्हता.

या ग्रंथात आलेख व मोजमापे होती. परंतु आनुवंशिकतेचे प्रमाण एका संख्येने सांगण्याची रीत त्यांच्याजवळ नव्हती. पुढील वीस वर्षे ते ती शोधत राहिले.

वाटाण्यांचा प्रयोग

१८७५ मध्ये गॉल्टन यांनी स्वीट पी या फुलझाडाच्या बिया आकारमानानुसार सात गटांत विभागल्या. प्रत्येक गटातील दहा-दहा बियांची पाकिटे करून त्यांनी ती निरनिराळ्या ठिकाणच्या मित्रांकडे पेरणीसाठी पाठवली. डार्विन हेही त्या मित्रांपैकी एक होते. या झाडात परपरागण क्वचितच होते. त्यामुळे प्रत्येक रोपाचे एकच जनक-बीज विचारात घेतले तरी पुरत असे.

नव्या पिकातील बिया मोजल्यावर दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. पहिली म्हणजे, मोठ्या बियांची संतती सरासरीहून मोठी असली तरी जनकांइतकी मोठी नव्हती. लहान बियांची संतती लहान असली तरी जनकांइतकी लहान नव्हती. दुसरी म्हणजे, जनकांचे व्यास आडव्या अक्षावर आणि संततीचे सरासरी व्यास उभ्या अक्षावर मांडले असता सर्व बिंदू जवळजवळ एका सरळ रेषेत येत. या रेषेचा चढ सुमारे १/३ होता. जनक-बी सरासरीहून जेवढी मोठी असे, त्याच्या साधारण एक-तृतीयांश मोठेपणच संततीत उतरत असे. १८७७ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांनी हे निष्कर्ष मांडले. त्या वेळी या घटनेला त्यांनी मागे परतणे अशा अर्थाचा शब्द योजला होता. पुढे त्याच अर्थाचा रिग्रेशन हा शब्द त्यांनी स्वीकारला.

बिंदूंमधून सर्वांत योग्य रेषा काढण्याचे तंत्र त्याआधीच उपलब्ध होते. फ्रेंच गणिती लजांद्र यांनी १८०५ मध्ये आणि जर्मन गणिती गाउस यांनी १८०९ मध्ये लघुतम वर्ग पद्धती प्रसिद्ध केली होती. प्रत्येक निरीक्षण रेषेपासून जितके दूर असेल त्या अंतरांच्या वर्गांची बेरीज किमान ठेवणारी रेषा या पद्धतीने मिळते. खगोलशास्त्रज्ञ तिचा उपयोग निरीक्षणातील चुका आटोक्यात आणण्यासाठी करत. बिंदूंचा विखुरलेपणा ही त्यांच्या दृष्टीने चूक होती. गॉल्टन यांच्या दृष्टीने तो विखुरलेपणा हाच अभ्यासाचा विषय होता. माणसे एकमेकांहून वेगळी असतात, ही निरीक्षकाची चूक नसून निसर्गाची रीत आहे, हा त्यांचा दृष्टिकोन संख्याशास्त्राला नवी दिशा देणारा ठरला.

उंचीच्या नोंदी व समाश्रयण रेषा

माणसांविषयी अशीच माहिती मिळवण्यासाठी गॉल्टन यांनी १८८४ मध्ये दोन उपक्रम हाती घेतले. लंडनमधील साउथ केन्सिंग्टन येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय आरोग्य प्रदर्शनात त्यांनी मानवमिती प्रयोगशाळा उघडली. तीन पेन्स शुल्क भरून आत येणाऱ्याची उंची, वजन, हाताची पकड, दृष्टी, श्रवण अशी विविध मापे घेतली जात. या प्रदर्शनात ९,३३७ व्यक्तींची मापे नोंदवली गेली. दुसऱ्या उपक्रमात त्यांनी बक्षिसे जाहीर करून लोकांकडून त्यांच्या कुटुंबांतील व्यक्तींच्या नोंदी मागवल्या.

या कौटुंबिक नोंदींतून त्यांना २०५ दांपत्ये आणि त्यांची ९२८ प्रौढ अपत्ये यांच्या उंचीची माहिती मिळाली. स्त्रियांची सरासरी उंची पुरुषांहून कमी असल्याने त्यांनी प्रत्येक स्त्रीच्या उंचीला १.०८ ने गुणले. वडिलांची उंची आणि आईची अशी वाढवलेली उंची यांची सरासरी काढून तिला त्यांनी मध्यपालक असे नाव दिले. या माहितीतही रेषेचा चढ १ पेक्षा कमी, म्हणजे सुमारे २/३, आला. सरासरीपेक्षा तीन इंच उंच असलेल्या मध्यपालकांची अपत्ये सरासरीपेक्षा साधारण दोन इंच उंच होती. १८८५ मध्ये ब्रिटिश असोसिएशनच्या ॲबर्डीन येथील अधिवेशनात त्यांनी हे संशोधन सादर केले आणि १८८६ मध्ये ते विस्ताराने प्रकाशित झाले.

उंचीचे कोष्टक निरखताना सारख्या संख्या असलेल्या जागा जोडल्यास लंबवर्तुळे तयार होतात, असे त्यांच्या लक्षात आले. गणिताची बाजू पडताळण्यासाठी त्यांनी केंब्रिजमधील गणिती हॅमिल्टन डिक्सन यांचे साहाय्य घेतले आणि डिक्सन यांच्या आकडेमोडीने त्यांचे निरीक्षण बरोबर ठरवले. १८८८ मध्ये त्यांनी सहसंबंधाची संकल्पना मांडली आणि १८८९ मध्ये नॅचरल इनहेरिटन्स हा ग्रंथ प्रसिद्ध केला. या ग्रंथामुळे कार्ल पिअर्सन हे गणिती संख्याशास्त्राकडे वळले. पिअर्सन यांनी १८९६ मध्ये सहसंबंध गुणांकाचे सूत्र सिद्ध केले. त्यांचे सहकारी उडनी यूल यांनी १८९७ मध्ये समाश्रयण आणि लघुतम वर्ग पद्धती यांचा सांधा जुळवला. आज शिकवले जाणारे एकरेषीय समाश्रयण या सर्वांच्या कार्यातून आकारास आले.

सरासरीकडे परतण्याचा खरा अर्थ

उंच पालकांची मुले सरासरीकडे झुकतात, याचा अर्थ काही पिढ्यांनी सर्वजण सारख्याच उंचीचे होतील, असा होत नाही. प्रत्येक पिढीत सरासरी पालकांच्या पोटीही काही अतिशय उंच आणि काही अतिशय बुटकी मुले जन्माला येतात. त्यामुळे एकूण समाजातील उंचीची विविधता टिकून राहते.

अधिक महत्त्वाची बाब अशी की हा संबंध उलट दिशेनेही तसाच दिसतो. अतिशय उंच अपत्ये निवडून त्यांच्या पालकांची सरासरी काढली, तर पालकही अपत्यांहून सरासरीच्या अधिक जवळ आढळतात. मुलांच्या उंचीचा परिणाम आई-वडिलांच्या उंचीवर होऊ शकत नाही, हे उघडच आहे. याचा अर्थ, सरासरीकडे परतणे ही रक्तातून येणारी एखादी ओढ नव्हे. दोन राशींमधील संबंध पूर्ण नसला की ते आपोआप घडते. उलट दिशेची रेषा गॉल्टन यांनी स्वतः काढली होती आणि तिचा चढ १/३ असल्याचे नोंदवलेही होते. तरीही समाश्रयण हे पूर्वजांच्या वारशाचे फळ आहे, ही आपली कल्पना त्यांनी सोडली नाही.

ही गफलत आजही सर्रास घडते. पहिल्या चाचणीत सर्वाधिक गुण मिळवणारे विद्यार्थी दुसऱ्या चाचणीत थोडे खाली येतात आणि सर्वांत कमी गुण मिळवणारे थोडे वर येतात. त्यावरून कौतुकाने मुले बिघडतात आणि रागावल्याने सुधारतात, असा निष्कर्ष काढला जातो. वास्तविक पहिल्या चाचणीतील टोकाच्या गुणांत योगायोगाचा काही वाटा असतो आणि तो दुसऱ्या वेळी तसाच राहत नाही.

सूत्रभाषेतील समाश्रयण

गॉल्टन यांना ज्या आकडेमोडीसाठी महिने लागले, ती आज संगणकावर एका ओळीत होते. संख्याशास्त्रीय प्रतिमान चिन्हांच्या साहाय्याने थोडक्यात लिहिण्याची रीत विल्किन्सन व रॉजर्स यांनी १९७३ मध्ये मांडली. पुढे एस या संगणकीय भाषेत आणि तिच्यापासून निघालेल्या आर या भाषेत ती रूढ झाली. या सूत्रभाषेत नागमोडी चिन्हाच्या डावीकडे जिचा अंदाज बांधायचा ती राशी आणि उजवीकडे जिच्या आधारे तो बांधायचा ती राशी लिहितात. उदाहरणार्थ,

संतती ~ पालक

या सूत्राचा अर्थ संततीच्या उंचीचा अंदाज पालकांच्या उंचीवरून बांधणे, असा होतो. रेषेतील स्थिर पद वेगळे लिहावे लागत नाही. ते गृहीतच असते. गॉल्टन यांच्या ९२८ नोंदींवर हे सूत्र चालवले असता स्थिर पद सुमारे २३.९४ इंच आणि चढ सुमारे ०.६५ मिळतो. ७२ इंच उंचीच्या मध्यपालकांसाठी अपत्याची अपेक्षित उंची त्यावरून सुमारे ७०.५ इंच येते. या रेषेने संततीच्या उंचीतील एकूण फरकांपैकी केवळ २१ टक्के भागाचा उलगडा होतो. सूत्राच्या दोन्ही बाजूंची अदलाबदल करून

पालक ~ संतती

असे लिहिल्यास चढ सुमारे ०.३३ मिळतो. म्हणजेच ही रेषा पहिल्या रेषेची नुसती उलट मांडणी नसून वेगळीच रेषा असते. म्हणून डावीकडे काय लिहायचे, हे आधी विचारपूर्वक ठरवावे लागते.

या भाषेतील अधिक हे चिन्ह बेरजेचे नसून आणखी एक राशी विचारात घेतल्याचे दर्शवते. गॉल्टन यांच्या मूळ वहीतील नोंदींवरून तयार केलेल्या ८९८ अपत्यांच्या माहितीवर

उंची ~ वडील + आई + लिंग

हे सूत्र चालवले असता वडिलांच्या उंचीचा गुणांक सुमारे ०.४१ आणि आईच्या उंचीचा सुमारे ०.३२ येतो. आई-वडिलांची उंची सारखी असताना मुलगा मुलीपेक्षा सरासरी ५.२ इंच उंच असल्याचेही दिसते. १.०८ ने गुणण्याची युक्ती येथे आवश्यक राहत नाही.

बोटांचे ठसे आणि बंगाल

गॉल्टन यांच्या कार्याचा भारताशी थेट संबंध बोटांच्या ठशांमुळे येतो. बंगालमधील ब्रिटिश अधिकारी विल्यम हर्शेल यांनी १८५८ मध्ये जंगीपूर येथे राज्यधर कोनाई या कंत्राटदाराच्या हाताचा ठसा करारपत्रावर घेतला आणि पुढे हुगळी येथे ही पद्धत कार्यालयीन कामात वापरली. हर्शेल यांनी आपले संग्रहित ठसे गॉल्टन यांना दिले. वर्षानुवर्षांच्या अंतराने घेतलेले ठसे ताडून पाहून ठसा आयुष्यभर बदलत नाही, हे गॉल्टन यांनी दाखवले. त्यांचा फिंगर प्रिंट्स हा ग्रंथ १८९२ मध्ये प्रसिद्ध झाला. बंगालचे पोलीस महानिरीक्षक एडवर्ड हेन्री आणि त्यांचे भारतीय सहकारी अझीझुल हक व हेमचंद्र बोस यांनी ठशांच्या वर्गीकरणाची व्यवहार्य पद्धत विकसित केली. १८९७ मध्ये कोलकाता येथे बोटांच्या ठशांचे कार्यालय सुरू झाले. ठशांवरून एखाद्याचा वंश किंवा बुद्धी ओळखता येईल, ही गॉल्टन यांची अपेक्षा मात्र त्यांच्याच नोंदींनी फोल ठरवली.

सुप्रजननशास्त्र व त्याचे परिणाम

१८८३ मध्ये गॉल्टन यांनी सुप्रजननशास्त्र या अर्थाचा युजेनिक्स हा शब्द घडवला. गुणवान मानल्या गेलेल्या लोकांनी अधिक संतती निर्माण करावी आणि हीन मानल्या गेलेल्यांनी करू नये, हा त्याचा गाभा होता. गुणवान कोण, हे ठरवणारे लोक बहुधा स्वतःच्याच वर्गाकडे पाहून ते ठरवत. उंचीसारख्या मोजता येणाऱ्या गुणासाठी सिद्ध झालेली रीत कर्तृत्व, चारित्र्य व दारिद्र्य यांनाही लागू पडते, असे गृहीत धरले गेले. शिवाय, संबंध दाखवणारी रेषा कारण दाखवत नाही, याकडे दुर्लक्ष झाले.

गॉल्टन यांच्या हयातीतच, १९०७ मध्ये, अमेरिकेतील इंडियाना राज्याने सक्तीच्या निर्बीजीकरणाचा कायदा केला. जर्मनीत १९३३ मध्ये नाझी राजवटीने तसाच कायदा करून सुमारे ४ लाख लोकांचे निर्बीजीकरण केले.

बर्लिनमध्ये मानवशास्त्र, आनुवंशिकता व सुप्रजनन यांच्या अभ्यासाची प्रसिद्ध संस्था होती. तेथे १९२० च्या दशकाच्या अखेरीस इरावती कर्वे यांनी ऑयगेन फिशर यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन केले. कवट्यांच्या मोजमापातून युरोपीयांचे श्रेष्ठत्व सिद्ध होईल, या अपेक्षेला त्यांच्या निष्कर्षांनी दुजोरा दिला नाही. पुढे त्यांनी वि. म. दांडेकर यांच्यासह महाराष्ट्रातील लोकांच्या मानवमितीचा अभ्यास केला आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजने तो १९५१ मध्ये प्रसिद्ध केला.

अखेरची वर्षे

१८९७ मध्ये पत्नी लुईसा यांचे फ्रान्समध्ये निधन झाले. १९०१ मध्ये पिअर्सन व प्राणिशास्त्रज्ञ वेल्डन यांच्यासह गॉल्टन यांनी बायोमेट्रिका हे नियतकालिक सुरू केले. १९०७ मध्ये प्लिमथ येथील एका जत्रेतील बैलाच्या वजनाविषयीचे ७८७ अंदाज त्यांनी तपासले. अंदाजांचा मध्यक १,२०७ पौंड होता, तर प्रत्यक्ष वजन १,१९८ पौंड भरले. सामान्यांच्या निर्णयशक्तीविषयी फारसा आदर नसलेल्या गॉल्टन यांनी हा निकाल प्रामाणिकपणे प्रसिद्ध केला. १९०८ मध्ये त्यांचे आत्मचरित्र प्रकाशित झाले. १९०९ मध्ये त्यांना सर हा किताब आणि १९१० मध्ये रॉयल सोसायटीचे कॉप्ली पदक मिळाले. १७ जानेवारी, १९११ रोजी सरे परगण्यातील हेझलमियर येथे त्यांचे निधन झाले.

वारसा

मृत्युपत्राद्वारे गॉल्टन यांनी लंडन विद्यापीठात सुप्रजननशास्त्राचे अध्यासन स्थापण्यासाठी निधी ठेवला होता. पिअर्सन हे त्याचे पहिले प्राध्यापक झाले आणि १९३३ मध्ये ते पद रोनाल्ड फिशर यांच्याकडे आले. बायोमेट्रिकाच्या अंकांमुळेच प्रशांतचंद्र महालनोबिस यांना संख्याशास्त्राची गोडी लागली आणि त्यांनी १९३१ मध्ये भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन केली. २०२० मध्ये युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनने आपल्या व्याख्यानगृहाला दिलेले गॉल्टन यांचे नाव काढून टाकले.

वैद्यक, शेती, अर्थशास्त्र, शिक्षण आणि हवामान अशा अनेक क्षेत्रांत समाश्रयण रेषा रोज वापरली जाते. उंच पालकांची मुले किती उंच होतील, याचा सरासरी अंदाज ती देते. एखादे विशिष्ट मूल कसे होईल, हे मात्र ती सांगू शकत नाही. गॉल्टन यांच्या स्वतःच्याच नोंदींत मुलांच्या उंचीतील चार-पंचमांश फरक त्या रेषेच्या बाहेर राहिला होता.